हजेरी

फॉर्मवर पत्ता लिहिला: सेटलमेंट, फ्री कॉलनी.
मालकांचं पेन थांबलं.
"बरं, बरं," म्हणाले,
आणि गल्ल्याची किल्ली खिशात सरकवली.

कुंपणाच्या तारा कधीच भंगारात गेल्या.
दगडूतात्या सांगायचा, त्याचा बाप
पहाटे हजेरी देऊन गिरणीत जायचा,
सांजेला हजेरी देऊन झोपायचा.
मधल्या वेळात विणलेल्या चादरी
गावोगावच्या रुखवतात गेल्या,
बिनहजेरीच्या.

मी टॉवेलच्या दुकानात.
शटर पडायच्या आधी गठ्ठा पुढ्यात ओढते,
मोठ्यानं मोजते,
पर्स उपडी करून दाखवते.
कुणी सांगितलेलं नाही.

"तू कशाला मोजतीस गं?"
नवी आलेली लावण्या बोम्मा म्हणाली.
बावन्नावर होते मी.
आकडा चुकला.

पुन्हा एकपासून.