गुडगा

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या. बोटांनाच कळायचं.
आता मुलगा म्हणतो, बाबा, ही बाई
फेक असेल. फोटोत नुसती जास्वंद.

फोन उजेडाकडे धरून पाहिला,
सवय. त्यात काय दिसणार,
माझाच चष्मा.

धारवाडच्या हेब्बळकरबाई
'गुडगा कसा आहे' विचारतात.
दरवेळी गुडगा. घ चा ग.
एकदा सुधारलं, तर म्हणाल्या,
आमच्याकडं असाच दुखतो.

प्रेसमध्ये एवढ्याशा चुकीला
अख्खा ताव बाद करायचो मी.

परवापासून गप्प आहेत.
मुलगा काही बोलला नाही, नुसता हसला.
जेलरोडच्या बाकावर बसलोय,
समोरून रात्रपाळीची माणसं गेटकडे चाललीत.
मीच लिहिलं शेवटी :
गुडगा बरा आहे.