पाचवी प्रत

मे महिना आला की विद्यापीठाच्या फाटकासमोर
माझ्या दुकानात आधी समाजशास्त्र येतं, मग अर्थशास्त्र,
राज्यशास्त्र नेहमी उशिरा, घामाघूम,
सरांची सही राहिलेली.
चार प्रती. विभागाला, गाइडला, लायब्ररीला,
आणि एक घरी दाखवायला.
काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं.
मथळा कानडीत असला तर ईरण्णा तपासतो,
मराठीत असला तर मी.
इंग्रजी आम्ही दोघं एकमेकांवर सोडतो,
त्यात एकदा ‘सोशल’ उलटं छापून गेलं.

पोरं हैराण करतात. खरं मला आवडतं हे.
गोंद वाळेपर्यंत वाचत बसतो.
कुणी निपाणीला जाऊन विड्या वळणाऱ्या बायकांची
बोटं तपासलेली,
कुणी खानापूरच्या रानातल्या शाळेत पोरं किती,
आणि ओढा भरल्यावर किती.
आफ्रीन मुल्लानं मार्केटातल्या हमालांच्या झोपेवर
नव्वद पानं लिहिली.
बसवंत सायनेकरनं हद्दीवरच्या एका गावात
बसथांब्याच्या पाटीचा इतिहास काढला:
कितीदा रंगवली, कितीदा डांबर फासलं, कोणी.
निष्कर्ष दीड ओळीचा.
पाटी कुठल्याही भाषेत असो,
बस पाऊण तास उशिराच येत होती.

सगळ्यांच्या मागं प्रश्नावली जोडलेली.
वय. शिक्षण. मातृभाषा,
एकाच चौकोनात खूण करावी.
बऱ्याच खुणा दोन चौकोनांच्या मधे
कोऱ्या जागेत पडलेल्या असतात.
तक्त्यात त्यांना ‘इतर’ म्हणतात.

काल मालन हलगेकर आली.
वडगावात मागांसाठी कांड्या भरणाऱ्या बायका, नमुना साठ.
आत सगळं इंग्रजी,
फक्त परिशिष्टात उत्तरं, बोलली तशीच.
नावं काढून टाकलेली.

पान एकशे सतरा. उत्तरदाता क्रमांक त्रेचाळीस.
वय अठ्ठावन्न. मुलगा एक.
कांडीमागं किती मिळतात?
‘ते राहू दे की. चहा घे आधी.’
घरात न सांगता काही मागं टाकता का?
‘टाकत होते. मालकिणीकडं ठेवायची, बावीस वर्षं.
पोराच्या दुकानाचं मशीन त्यातनंच आलं.
त्याला सांगितलंय, भिशी लागली.
नशीब आपल्या बाजूला आहे म्हटलं
की माणूस जरा सरळ चालतोय.’

मशीन चालूच होतं. तेच.
कागद गरम बाहेर पडत होते
आणि मी ट्रे रिकामा करायचा विसरलो.

‘ह्या त्रेचाळीस नंबरच्या बाई...’ मी म्हटलं.
मालननं मोबाइलमधनं मान वर केली.
‘नाव नाही सांगता येत दादा. शब्द दिलाय त्यांना.’
बरोबर आहे म्हटलं. दिला तर पाळायचाच.
दाभण घेतलं, दोरा ओवला.
त्या पानाशी हात जरा सावकाश गेला असेल,
तेवढंच.

चार प्रती घेऊन ती पळाली, पाचला खिडकी बंद होते.
फाइल संगणकातच राहिली होती.
खोडायच्या आधी एकशे सतरावं पान
आणखी एकदा काढलं.
एक बाजू, दोन रुपये.
ते माझ्या खिशातनं गल्ल्यात टाकले.

रात्री आईनं भाकरी वाढली.
‘गर्दी होती व्हय?’
होती म्हटलं.
‘मशीन नीट चालतंय न्हवं?’
चालतंय म्हटलं. भिशीचं आहे, त्याला काय होतंय.
ती तव्याकडं वळली.
मी ताठ बसून जेवत राहिलो,
नेहमीपेक्षा बराच ताठ असणार,
कारण ती न बघताच म्हणाली,
‘पाठ धरलीय काय रे?’