बरणी काढा

रॉटरडॅमला आमच्या कचेरीच्या खिडक्या नदीकडे आहेत.
मी बसते भिंतीकडे तोंड करून.
एकोणीस वर्षं माझं काम एकच,
कंपनीच्या वतीने 'नाही' म्हणणं.
मऊ 'नाही', ताठ 'नाही', सात दिवसांच्या मुदतीचं 'नाही'.
टी-शर्ट विकणाऱ्यांसाठी तर छापूनच ठेवलेलं.

मार्चमध्ये ग्दीनियाहून पत्र आलं.
पाच जण होते. रात्रपाळीत रक्त तपासणारी बोग्ना,
बंदरावरचा एक क्रेनवाला, दोन विद्यार्थी,
आणि विएस्लाव नावाचे म्हातारे,
जे फक्त पाण्याचे आवाज करतात.

'मिठाचा दिवा' हा खेळ सत्त्याण्णव साली निघाला
आणि अठ्ठ्याण्णवपर्यंत बुडालाही.
बनवणारे देशोधडीला लागले.
हक्क तीनदा विकले गेले
आणि शेवटी आमच्याकडे आले,
लिलावात घेतलेल्या टेबलाच्या खणात
कुणाची तरी बटणं निघावीत तसे.

तोच खेळ हे लोक पहिल्या टाक्यापासून पुन्हा विणत होते.
सहा वर्षं, पदरमोड करून.
"एक पैसा घेणार नाही," बोग्नाने लिहिलं होतं,
"हो म्हणा किंवा नाही म्हणा,
पण काहीतरी म्हणा."

साहेब म्हणाले, हो म्हटलं तर उद्या दारात रांग.
नाही म्हटलं तर बोभाटा.
मग?
मग असं कुठलं पत्र आलंच नाही.

पुराव्यासाठी म्हणून मी खेळ उतरवून घेतला.
बुडालेलं गाव, उंबऱ्यांवर मीठ, हातात दिवा.
मूळ खेळात नावाडीण मुकी आहे,
पैसे संपले, तिचं बोलणं लिहायचं राहून गेलं.
यांनी तिला एकच वाक्य दिलं होतं:
"पलीकडे नेईन. परत आणणं माझ्या हातात नाही."
मी टिपणात लिहिलं, अनधिकृत भर, वाक्य एक.
आणि पुन्हा तिच्या होडीत जाऊन बसले.
दोन वाजले होते.

पण खाली कोपऱ्यात एक बरणी होती.
चित्रातली. सर्व्हरच्या भाड्यासाठी, ऐच्छिक.
तळाशी एक्केचाळीस युरो.
कायदा किती का गाढ झोपलेला असेना,
नाण्याच्या आवाजाने त्याला जाग येते.

कचेरीतून नाही, घरूनही नाही,
लाँड्रीच्या बाकावरून मी तिला फोन केला,
माझ्या चादरी काचेआड फिरत होत्या.
"बरणी काढा."
"कोण बोलतंय?"
"बरणी काढा," म्हणाले, आणि ठेवला.
हे माझ्या करारात बसत नाही.
खरं तर कशातच बसत नाही.

सकाळी बरणी नव्हती.
ज्याचे त्याचे पैसे परत गेले होते,
पन्नास सेंटवाल्याचेसुद्धा,
आणि त्यासाठी बँकेने साठ सेंट कापले.

याला परवानगी म्हणत नाहीत.
परवानगीला सही लागते, तारीख लागते.
याला लागतो एक कान, एक डोळा
आणि दोन्ही दुसरीकडे वळवायची सवय.
आम्ही डच लोक त्यात तरबेज,
आमच्याकडे मनाई आणि मुभा यांच्यामधल्या फटीतही
माणसं बिऱ्हाड करून राहतात,
भाडं न देता, दिवा बारीक ठेवून.

दर जानेवारीत फाइल वर येते.
मी तारीख बदलते, खाली ठेवते.

काल पाहिलं, त्यांनी नवं बंदर जोडलंय.
भरतीचा आवाज कुठेतरी ऐकलेला वाटला.
पाणी गोल गोल फिरतंय,
मध्येच धप्प, ओल्या कापडासारखं.
भासही असेल.

उन्हाळ्यात मी निवृत्त.
माझ्या जागी सीब्रन येतोय, हुशार मुलगा,
खण साफ करायची त्याला भारी हौस.
बोग्नाला हे कळवायचं कसं,
आणि कोण म्हणून?

सध्या तरी खणाला कुलूप आहे.
किल्ली माझ्या कोटात, लाँड्रीच्या सुट्ट्या पैशांत.