शेवटची टाकी

डोंगरे मैदानावर तंबू, तिकीट साठ रुपये.
आत पिवळ्या दिव्याच्या उबेत
हिरवा इग्वाना, हनुवटीखाली कातडीची झोळी,
कोथिंबिरीच्या जुडीकडे पाठ करून बसलेला.
"सरडाच की," दगूमामा म्हणाला,
"आपल्या कुंपणावरचा. फक्त खाऊनपिऊन सुखी."

शर्वाला अजगर गळ्यात घ्यायचा होता,
त्याचे शंभर वेगळे.
निळ्या बेडकाला हात लावू नये
असं तीनदा लिहिलेलं,
त्यातलं एकदा चुकीचं.

मग ती टाकी.
फिकट गुलाबी अंग, पापण्या नाहीत,
मानेभोवती पिसांसारखे कल्ले,
तोंडावर उगाच हसू.
माहिती सांगणारा पोरगा घोकल्यासारखा बोलला:
ॲक्झोलॉटल. मेक्सिकोचा.
पाय तुटला तर नवा येतो,
हाडासकट, बोटांसकट.

"किती दिवसांत?"
मामानं विचारलं.

सातपूरच्या पॉवर प्रेसनं त्याची दोन बोटं नेली
तेव्हा मी चौथीत होते.
कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

दीड-दोन महिने, पोरगा म्हणाला.
मामानं मान हलवली,
गॅरेजवाल्यानं गाडी कधी मिळेल ते सांगितल्यावर
हलवतात तशी,
आणि उजवा हात काचेला टेकवला.

तो पलीकडून पोहत आला.
खायला मिळेल असं वाटलं असावं.