घन

रिपोर्टला मी नाव दिलं 'मिरची-घन'.
दगाजी आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि आधी खिडकीतून वर पाहिलं.
नोव्हेंबरात, नंदुरबारच्या पथारीवर
दीडशे क्विंटल ओली मिरची उघडी पडलेली असताना
हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

ढग नाही आप्पा, ठोकळा.
एका कडेला गावं: कोळदे, शनिमांडळ, प्रकाशा.
दुसरीला वाण. तिसरीला तारीख.
तिन्ही जिथं भेटतात त्या खोलीत
काट्यावरून उतरलेला एक मुकाट आकडा.
तारखेवर सुरी धरली की पातळ काप निघतो,
सगळी गावं, सगळे वाण, एकच मंगळवार.

"आनि आडत्या? त्यानी कड कोठे शे?"
आहे. चौथी. पाचवी गाडीची.
भिंतीवर काढता येत नाहीत इतकंच.

ते उठले. कपाटातून रोजमेळ काढली,
मग तिच्याहून जाड खतावणी.
एकच नोंद, इथं तारखेखाली, तिथं नावाखाली.
चाळीस वर्षं रोज दिवेलागणीला
एका व्यवहाराला दारोदार नेऊन
त्यांनी ज्याच्या त्याच्या घरी पोचवलं होतं.
मी यालाच मॉडेल म्हणते.
मला त्याचा पगार जास्त मिळतो.

रिकाम्या खोल्या मात्र त्यांना खटकल्या.
मे महिना, शनिमांडळ, फापडा: काहीच नाही.
शून्य मांड, म्हणाले.
मी म्हटलं, शून्य म्हणजे गाडी आली आणि रिती होती.
इथं गाडीच आलेली नाही.
यावर ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

शुक्रवारी शेठजींसमोर ठोकळा बोलला:
गोदामात या महिन्यात नऊ हजार क्विंटल.
गोदामात मावतं सहाशे.
शेठ माझ्याकडे बघतात, मी पडद्याकडे,
मागे कुणीतरी शिंकतं, इथं सगळेच शिंकतात.
मी पायरी पायरी खाली उतरले,
महिना, आठवडा, दिवस.
तीनशे. तीनशे दोन. दोनशे अठ्ठ्याण्णव.
प्रत्येक दिवस खरा.
खोटी होती ती फक्त बेरीज.

आप्पा दारातूनच म्हणाले,
"शिल्लक कोनी मियाडस का, पोरी?
ती फुढे वढानी र्‍हास."

आवक मिळवा, जावक मिळवा, हमाली मिळवा.
शिल्लक एका पानाच्या तळातून
दुसऱ्या पानाच्या माथ्यावर फक्त नेतात.
वेळेच्या कडेवरची बेरीज मी बंद केली,
एका ओळीचं काम.
ठोकळा तीनशेवर येऊन बसला.

पण त्या रात्री जुनी वर्षं भरताना
मी माझीच टाकाऊ यादी उघडली.
गाळलेल्या ओळी: आवक नाही, वाण नाही, गाव नाही,
मजुरी चाळीस रुपये.
चूक समजून मीच फेकलेली.
सकाळी आप्पांच्या वहीत ती तारीख शोधली.
समासात, बारीक अक्षरात:
घन आले. नऊ ताडपत्र्या. काम बंद.
मोगीबाई पथारीवरच बाळंत झाली. मुलगी.
मजुरी पूर्ण दिली.

तेवढ्यात आप्पा येऊन मागे उभे राहिले.
मी विचारलं, हे कुठल्या कडेला लावू?
त्यांनी पान उलटलं, माथ्यावर बोट ठेवलं.
मागील पानावरून, असं तिथं लिहिलेलं.
पुढचा आकडा शाईनं पुसट झाला होता.

ओळ मी परत घेतली आहे.
गाव रिकामं. वाण रिकामा.
शेऱ्याचा एक रकाना वाढवला,
त्याची बेरीज होत नाही.
बाहेर बायका देठं खुडतायत,
आणि आप्पा पुन्हा खिडकीत,
मान वर करून.