शीळ

सुदामला शीळ घालता येत नाही.
तरी दिवाळीनंतर
गवळीमाथ्याच्या आमच्या खोलीत
रात्री दोन-अडीचला बारीक शीळ वाजायची.
उठून गॅस बघितला,
खिडकीची फट कागदानं बुजवली,
शेजारच्या शमशादला विचारलं,
तुमचं पोर काही वाजवतं का गं रात्रीचं?
मग एकदा त्याच्या तोंडाशी कान नेला.
शीळ नाकातनं येत होती.

त्याचे बनियन मी धुते.
छातीवर पिवळं.
हळदीचं असतं तर उन्हात उडालं असतं.
बोटांच्या पेरांवर गोल खड्डे,
पेन्सिलीचं टोक दाबून ठेवल्यासारखे.
खोबरेल झालं, कोरफड झाली,
शमशादनं दिलेलं हिरवं मलम झालं.
दुखतं का?
नाही.
ते ‘नाही’च मला खुपत राहिलं.

कारखान्यात पाटी आहे म्हणे,
चक्कर, खोकला, डोळ्यांची आग झाल्यास
त्वरित कळवावे.
खाली फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे वाफेनं खाल्लेले.
क्रोमच्या टाकीतून तोट्या निघतात
आरशासारख्या.
बाणेर-बालेवाडीच्या बेसिनवर बसतात.
चूळ भरताना माणसाला
त्यात आपलं नाक मोठं दिसतं.

मोहननगरच्या ईएसआयमध्ये
मुळीक डॉक्टरीणबाईंनी
डाव्या नाकपुडीत बॅटरी धरली.
उजवीतून उजेड आला.
‘या, बघा,’ म्हणाल्या.
मी वाकून पाहिलं.
मधली भिंत होती तिथं
मसूर जाईल एवढी खिडकी.

माहेरी याच जागी
बैलाला दाभण घालायचे, वेसणीसाठी.
चार गडी धरायचे,
हंबरडा शिवेपर्यंत जायचा.
याला कुणीच धरलं नव्हतं.
हा रोज डबा घेऊन
आपल्या पायानं जात होता, सायकल पंक्चर असली
तरी.

परवा रविवारी टाकीवरचा नवा पोरगा
जेवायला आला. धम्मपाल, औंढ्याचा,
अजून मिशीसुद्धा धड नाही.
भाकरी मोडली त्यानं,
आणि नखाच्या मुळाशी
टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा.
कापलं काय रे?
‘नाही वहिनी. दुखत नाही काही.’

मी टीव्ही बंद केला.
पंखा बंद केला.
सुदाम ताटात बघत राहिला.
घास गिळ, म्हटलं.
तोंड मीट.
आता नाकानं श्वास घे.
लांब.