सरकी

सोमवारी स्टुडिओचं शटर अर्धं खाली असतं.
चहाच्या रिकाम्या कपात आम्ही चौघं चिठ्ठ्या टाकतो.
त्या आठवड्याची निघाली अफसरच्या अक्षरातली :
हाय-की.
खाली बारीक लिहिलेलं,
पांढऱ्यावर पांढरं. सावली दिसली की चहा तुझ्याकडं.

मला वाटलं, सोपंय.
एकोणीस वर्षं सेलूत मी दुसरं करतोय काय?
नवरीची आई कानाशी येऊन सांगते, जरा उजळ काढा,
आणि मी रात्री माऊसनं पोरीचा रंग पुसत बसतो
कपाळापासून गळ्यापर्यंत.
हात तेवढे विसरतो.

मुंजाजीनं पाटावर ज्वारीचं पीठ पसरलं,
वर सोललेला लसूण.
फोटोत आलं सिमेंट.
मी दोरीवर नीळ दिलेला सदरा टिपला,
तोही आभाळ भरून आल्यासारखा.

"कॅमेऱ्याला पांढरं सोसत नाही," अफसर म्हणाला.
"त्याला वाटतं, एवढा उजेड म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय,
मग तो सगळं राखेत ओढतो.
त्याचं ऐकायचं नाही. दीड स्टॉप पुढं जायचं."
"दीड स्टॉप म्हंजी," मुंजाजी,
"मोंढ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

प्रयागा जिनिंगमध्ये काट्यावर वजनं लिहिते.
जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळवला तिनं.
दोन पुरुष उंचीची कापसाची गंजी,
माथ्यावर बाराचं ऊन,
अफसरच्या हातात मांडवातलं थर्माकोल,
त्याला अजून चिकटलेलं अर्धं 'शुभविवाह'.
पांढरी ओढणी घेऊन ती वर चढून बसली.

दीड स्टॉप. दोन. अडीच.
गंजी विरघळली, आभाळ विरघळलं,
मधली रेघ कुठं गेली कळलं नाही.
मी खूश.

ती उतरली, स्क्रीनवर ओढणीची सावली धरून बघितलं.
"ही कोण?"
"हाय-की," मी म्हणालो.
"कापूस उडवा की भाऊ. मला कशाला उडवायलात?"

कुणीच बोललं नाही.
आत यंत्र पुन्हा सुरू झालं, म्हणजे सुट्टी संपत आलेली.
अफसरनं थर्माकोल तिच्या तोंडावरून काढून
गंजीकडं वळवलं.
मी जवळ गेलो, नाकात तंतू, भुवयांवर तंतू,
आणि उजेड मोजला तिच्या गालावर,
फक्त गालावर.
एकोणीस वर्षांत असा कुणाचाच मोजला नव्हता.

एकच फोटो निघाला.
सगळीकडं पांढरं, कडा नसलेलं,
आणि मधोमध ती,
बोंडात सरकी असते तशी,
स्वतःच्या रंगाची, जरा चिडलेली.

"हनुवटीखाली सावली हाय!" मुंजाजी ओरडला,
"चहा तुझ्याकडं!"
दिला. भज्यांसकट.

रात्री मानवतच्या लग्नाची फाईल उघडली.
पोरीचं तोंड आणि हात
अजून एकाच पोरीचे आहेत.
माऊस बाजूला सारलाय.
तिच्या आईचा फोन
उद्या सकाळी येईल.